पडद्याच्या पाठीमागे

जत्रेचे दिवस आले आणि गावाबाहेरच्या माळावर सिनेमाचा तंबू उभा राहिला, म्हणजे मुळशी खोऱ्यातील मुलांना दुसरे काही सुचत नसे. दुपारपासूनच ती तंबूभोवती घिरट्या घालीत. मोटारीतून उतरणाऱ्या पत्र्याच्या पेट्या, जाड दोरखंड, बांबू, धूर ओकणारे इंजिन आणि सर्वांच्या शेवटी मोठ्या काळजीने उलगडला जाणारा तो पांढरा पडदा, यांतील एकेका वस्तूवर त्यांची चर्चा चाले. अंधार पडला की वाड्यावस्त्यांवरची माणसे येऊ लागत. गर्दी फार झाली तर पडदा मधोमध बांधीत आणि लोक त्याच्या दोन्ही अंगांस बसत. कापड पातळ असल्याने चित्र पाठीमागूनही दिसे. मात्र ते उलटे दिसे. अक्षरे आरशातल्यासारखी उमटत आणि उजव्या हाताचा योद्धा डाव्या हाताने तलवार चालवी. पाठीमागे बसणाऱ्यांना त्याचे विशेष वाटत नसे. तलवार लागल्याशी कारण!

एखादा चौकस मुलगा मात्र खेळ संपताच पडद्याशी धाव घेई. पुढच्या बाजूने पाहावे, मागच्या बाजूने पाहावे, कापडाला हळूच बोट लावावे. पण तेथे घोडाही नसे आणि राजाही नसे. दोन बांबू, चार दोऱ्या आणि वाऱ्याने हलणारे कापड एवढेच त्याच्या हाती लागे. घरी परतताना तो विचारी, “आज्या, ह्यो राजा गेला कुठं?” आजाकडे या प्रश्नाचे उत्तर नसे. आता असे तंबू विरळ झाले आहेत. चित्रे घरच्या पेटीत आणि हातातल्या काचेवरही दिसू लागली आहेत. तो प्रश्न मात्र जुना झालेला नाही; आणि मोठी माणसे तो विचारीत नाहीत एवढ्यावरून त्यांना उत्तर ठाऊक असते, असेही नव्हे.

आपल्या देशातील चित्रपटात जो पहिला राजा झाला, तो हरिश्चंद्र. त्याला पडद्यावर आणणारे धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांचा जन्म 1870 साली त्र्यंबकेश्वरी झाला. मुळशीच्या उत्तरेस, घाटमाथ्यावरच्या लोणावळ्यास त्यांनी काही काळ छपाईचा कारखाना चालविला होता. चित्रकला, छायाचित्रण, ठसे तयार करणे, जादूचे प्रयोग करणे अशा अनेक विद्या त्यांना येत होत्या. पैसा टिकवून धरण्याची विद्या तेवढी त्यांना कधीच साधली नाही. 1911 साली गिरगावातील एका चित्रगृहात त्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरील मूकपट पाहिला आणि ख्रिस्ताच्या जागी त्यांच्या डोळ्यांपुढे राम आणि कृष्ण उभे राहिले. त्यानंतर त्यांनी चित्रपट पाहण्याचा असा काही सपाटा लावला की, त्यांच्या डोळ्यांवर ताण पडून काही दिवस त्यांना दिसेनासे झाले. बरे वाटताच विमापत्र गहाण ठेवून त्यांनी पैसे उभे केले, 1912 च्या फेब्रुवारीत ते लंडनला गेले आणि कॅमेऱ्याची व इतर साहित्याची मागणी नोंदवून परत आले.

कॅमेरा आला, परंतु पुढचा पैसा कोठून यावा? तेव्हा फाळक्यांनी एका कुंडीत वाटाणे पेरले आणि कुंडीसमोर कॅमेरा रोखून ठेवला. दररोज थोडे थोडे असे महिन्याहून अधिक काळ ते त्या कुंडीचे चित्रण करीत राहिले. ती सर्व चित्रे सलग दाखविताच एक मिनिटाच्या आसपास दाण्याला अंकुर फुटून डोळ्यांदेखत त्याचे रोप झाले. भांडवल देणाऱ्याचा विश्वास त्या रोपाने मिळविला. भारतीय चित्रपटाचे पहिले नट म्हणून नाव घ्यावयाचे, तर या वाटाण्यांचे घ्यावे लागेल. त्यांनी पगारही मागितला नाही.

माणसांचे तसे नव्हते. त्या काळी नाटकात काम करणाऱ्यांनाही लोक नावे ठेवीत. मग हे तर कोणी कधी पाहिलेच नव्हते. पुरुष मंडळींना फाळक्यांनी युक्ती सांगितली, की कोणी विचारलेच तर ‘हरिश्चंद्राच्या कारखान्यात’ नोकरी लागली आहे, असे खुशाल सांगावे. तारामतीच्या कामासाठी मात्र एकही स्त्री पुढे येईना. जाहिराती देऊन झाल्या, घरोघर विचारून झाले. शेवटी मुंबईत ग्रँट रोडवरील एका उपाहारगृहात खाणे आणून देणाऱ्या तरुणाच्या नाजूक हातांकडे फाळक्यांचे लक्ष गेले. त्याचे नाव साळुंके. तो तेथे आचारी होता आणि त्याला महिन्याला दहा रुपये मिळत. फाळक्यांनी पंधरा देऊ केले, आणि पाच रुपयांच्या वाढीवर अयोध्येला राणी मिळाली. हेच साळुंके पुढे इतके निष्णात झाले की, 1917 च्या ‘लंकादहन’मध्ये राम तेच झाले आणि सीताही तेच झाले.

या सर्व खटाटोपात एक व्यक्ती पडद्यावर कोठेही दिसत नाही. ती म्हणजे फाळक्यांच्या पत्नी सरस्वतीबाई. त्या काळी विलायतेहून येणाऱ्या कोऱ्या फिल्मला कडेची छिद्रे पाडलेली नसत. ती छिद्रे अंधारातच पाडावी लागत, कारण उजेडाचा एक कवडसा पडला तरी सगळी फिल्म वाया जाई. दिवसभर साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक करावा आणि रात्री मुले निजली म्हणजे काळोख्या खोलीत बसून हाताच्या अंदाजाने फिल्मला छिद्रे पाडावीत, असा त्यांचा क्रम होता. चित्रणास विजेचे दिवे नव्हते. सारे काम सूर्याच्या भरवशावर चाले. नटांच्या चेहऱ्यावर पुरेसा उजेड यावा म्हणून भर उन्हात पांढरी चादर ताणून त्या तासन्‌तास उभ्या राहत. अडचणीच्या वेळी दागिनेही त्यांनीच काढून दिले. तंबूतल्या मुलाने पडद्यामागे जाऊन राजाला शोधले. त्याला राजाच्या आधी बहुधा ही चादर धरलेली बाई भेटायला हवी होती.

हरिश्चंद्राचा मुलगा रोहिदास याचे कामही असेच अडले. कथेत रोहिदास मरतो. असल्या अशुभ कामाला आपले मूल कोण देणार? तेव्हा फाळक्यांनी आपलाच मुलगा भालचंद्र याला उभे केले. वांगणी येथे बाहेरचे चित्रण चालू असताना हा मुलगा खेळता खेळता दगडावर पडला आणि डोक्याला लागून बेशुद्ध झाला. त्याला मुंबईस न्यावे, काम थांबवावे, असे सोबतची माणसे म्हणू लागली. फाळक्यांनी उपचार केले. पण काम थांबविले नाही. रोहिदास मृत होऊन पडला आहे हे दृश्य त्यांनी त्या बेशुद्ध मुलालाच घेऊन पुरे केले, असे सांगतात. मुलगा पुढे बरा झाला. तथापि ही हकीकत वाचताना मन थोडे चरकतेच. ध्येयाने झपाटलेल्या माणसाचे कौतुक करावे की त्या माउलीला त्या वेळी काय वाटले असेल याचा विचार करावा, हे चटकन ठरवता येत नाही.

त्याच वांगणीस एक गमतीची गोष्टही घडली. भाले, तलवारी आणि दाढीमिशा घेतलेले हे लोक गावात शिरलेले पाहून गावकऱ्यांना वाटले, दरोडेखोर आले! पोलीस पाटलाकडे वर्दी गेली आणि अयोध्येचे सगळे दरबारी अडकवून ठेवले गेले. आपण दरोडेखोर नसून नट आहोत, हे पटवून देणे फार कठीण. कारण चित्रपटातला नट म्हणजे काय, हे गावात कोणालाच माहीत नव्हते. फाळके स्वतः येऊन कॅमेरा दाखवून समजूत घालीपर्यंत मंडळींची सुटका झाली नाही.

‘राजा हरिश्चंद्र’ 3 मे 1913 रोजी गिरगावच्या कॉरोनेशन चित्रगृहात लोकांपुढे आला. मुंबईत तो चांगला चालला, पण सुरतेस पहिल्या दिवशी फक्त तीन रुपये जमले. तेथील लोकांना तितक्याच पैशांत कितीतरी लांबलचक नाटक पाहायला मिळे. तेव्हा फाळक्यांनी जाहिरात काढली की, तीन आण्यांत सत्तावन्न हजार छायाचित्रे पाहा आणि दोन मैल लांबीचा खेळ पाहा! लोकांची रीघ लागली. आता गणिताची आवड असणाऱ्याने ही जाहिरात तपासून पाहावी. फिल्मच्या एका फुटात सोळा चित्रे मावतात. हा चित्रपट सुमारे 3700 फूट लांब होता. म्हणजे चित्रे एकोणसाठ हजारांच्या आसपास भरतात. तेव्हा सत्तावन्न हजार हा आकडा अगदी प्रामाणिक ठरतो. पण 3700 फूट म्हणजे पाऊण मैलसुद्धा होत नाही! उरलेला सव्वा मैल जाहिरात लिहिणाऱ्याच्या लेखणीतून आलेला दिसतो.

पुढे ‘लंकादहन’ने इतका पैसा मिळवला की, तिकिटांच्या नाण्यांची पोती बैलगाडीत घालून पोलिसांच्या पहाऱ्यात न्यावी लागत. 1919 च्या ‘कालियामर्दन’मध्ये फाळक्यांची लहानगी मुलगी मंदाकिनी कृष्ण झाली. आणि राजा कोठे गेला, या प्रश्नाचे उत्तर देण्याचा यत्नही प्रथम फाळक्यांनीच केला. ‘चित्रपट कसे तयार करतात’ या नावाचा एक छोटा मूकपट त्यांनी 1917 च्या सुमारास काढला. त्यात ते स्वतः नटांना शिकविताना आणि फिल्म तपासताना दिसतात. जादूगाराने आपली पोतडी आपणच उघडून दाखवावी, तसा हा प्रकार. त्याचा काही भाग आजही शिल्लक आहे. ‘राजा हरिश्चंद्र’ मात्र संपूर्ण उरलेला नाही; त्याची पहिले व शेवटचे एवढीच रिळे मिळतात, आणि तीही नंतर पुन्हा केलेल्या चित्रपटाची असावीत असे काही जाणकार म्हणतात. जुनी फिल्म भराभर पेट घेते. 2003 साली पुण्यात अशा फिल्मांच्या कोठाराला आग लागली आणि कितीतरी जुनी रिळे जळून गेली.

सूर्याच्या उजेडावरचे हे काम पुढे विजेच्या दिव्यांवर गेले. विशेषतः बोलपट आल्यावर तर दिवस नकोसाच झाला. ‘आलम आरा’ हा हिंदुस्थानातील पहिला बोलपट 1931 साली मुंबईत तयार झाला. स्टुडिओजवळून आगगाड्या धडधडत जात, आणि राजकन्येच्या संभाषणात इंजिनाची शिटी कशी चालावी? म्हणून गाड्या बंद झाल्यावर, रात्री एक ते चारच्या दरम्यान चित्रण करीत. ध्वनिग्राहक यंत्रे कॅमेऱ्याला दिसणार नाहीत अशा जागी दडवून ठेवीत. सारे शहर निजलेले आणि दिव्यांच्या लखलखाटात एक खोटा राजवाडा जागा, असे ते दृश्य असे.

मुंबई शहरातील विजेचा पुष्कळसा पुरवठा त्या वेळी सह्याद्रीच्या माथ्यावरून होत होता. घाटावर पाऊस अडवायचा, ते पाणी नळांतून खाली कोकणात सोडायचे आणि त्याच्या जोरावर यंत्रे फिरवायची, अशी ही योजना. 1915 साली खोपोलीचे, 1922 साली भिवपुरीचे आणि 1927 साली भिऱ्याचे वीजघर सुरू झाले. भिऱ्याला जाणारे पाणी मुळशीचे. येथे मुळा आणि निळा या नद्यांच्या संगमापाशी टाटांनी धरण बांधावयास घेतले, तेव्हा सुमारे पन्नास गावांची जमीन पाण्याखाली जाणार होती. मावळातील ती भाताची खाचरे, देवळे, आंब्यांची झाडे सोडून शेतकऱ्यांनी जावे कोठे? 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीच्या दिवशी, शेकडो मावळे धरणाच्या जागी जाऊन बसले. विनायकराव भुस्कुटे आणि पांडुरंग महादेव बापट यांनी त्यांचे नेतृत्व केले. बापटांना ‘सेनापती’ ही पदवी याच लढ्यात मिळाली. पुरुष तुरुंगात गेले, तशाच बायकाही गेल्या. 1924 पर्यंत सत्याग्रह चालला आणि मोडला. धरण पुरे झाले, पाणी चढले. मुंबईचे दिवे झगमगले; परंतु ज्यांच्या जमिनी बुडाल्या त्या मुळशीकरांच्या कितीतरी वाड्यांवर त्यानंतर पुष्कळ वर्षे रॉकेलच्या चिमण्याच मिणमिणत होत्या.

मुळशीहून निघालेला रस्ता पौड, पिरंगुट करीत पुण्यात शिरतो तो कोथरूड-एरंडवण्याच्या बाजूने. त्याच एरंडवण्यात ‘प्रभात फिल्म कंपनी’ने 1933 साली आपला स्टुडिओ उभा केला. विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, व्ही. शांताराम, केशवराव धायबर व सीताराम कुलकर्णी यांनी 1929 साली कोल्हापुरात ही कंपनी काढली होती. 1932 च्या ‘अयोध्येचा राजा’साठी त्यांनीही हरिश्चंद्राचीच कथा निवडली, पण आता तारामतीच्या कामाला दुर्गा खोटे होत्या. एकोणीस वर्षांत उपाहारगृहापासून सुशिक्षित घरापर्यंत केवढी मजल! बोलपटात आवाज आल्याने एक नवीनच त्रास उत्पन्न झाला. मूकपट कोणत्याही प्रांतात चाले. बोलपटाला भाषा आली. म्हणून प्रत्येक प्रसंग आधी एका भाषेत आणि लगेच दुसऱ्या भाषेत, असा दोनदा करीत. एकदा मराठीत रडून झाले, की डोळे पुसून हिंदीत रडावे लागे. आवाजाशी या कंपनीने नाना खेळ केले. 1937 च्या ‘कुंकू’त तर नेहमीचे पार्श्वसंगीत गाळून दारे, पावले, घड्याळ यांच्या खऱ्या आवाजांवरच प्रसंग रंगविले.

1941 साली याच स्टुडिओत ‘शेजारी’ नावाचा चित्रपट झाला. कथा विश्राम बेडेकरांची, दिग्दर्शन शांतारामांचे. एका गावात जिवबा पाटील आणि मिर्झा असे दोन म्हातारे शेजारी आहेत. दोघे जिवलग मित्र. एकमेकांबरोबर बुद्धिबळे खेळावी, एकमेकांची सुखदुःखे वाटून घ्यावी. गावाजवळ एक भांडवलवाला धरण बांधू लागतो. गावकऱ्यांच्या विरोधात फूट पाडण्यासाठी तो या दोन मित्रांत कली घालतो. शेवटी धरणाला सुरुंग लागतो आणि दोघे मित्र हातात हात घालून पाण्यात वाहून जातात. मराठीत पाटील झाले केशवराव दाते आणि मिर्झा झाले गजानन जागीरदार. हिंदी ‘पडोसी’त जागीरदार मिर्झाच राहिले, पण हिंदू ठाकुराचे काम मजहर खान यांना देण्यात आले. म्हणजे पडद्यावरचा मुसलमान प्रत्यक्षात हिंदू होता आणि पडद्यावरचा हिंदू प्रत्यक्षात मुसलमान. हे योगायोगाने झालेले नव्हते. प्रेक्षक दोघांसाठीही रडले. कोण कोणाचा, हे रडताना कोणी विचारले नाही.

धरण फुटण्यासारखे प्रलय पडद्यावर आणण्याची चित्रपटवाल्यांची एक जुनी युक्ती आहे. धरणाची लहान प्रतिकृती करतात आणि तिच्यावर पाणी सोडतात. पण नुसते तेवढ्याने काम भागत नाही. उंचावरून पडणाऱ्या पाण्याला वेळ लागतो. छोट्या प्रतिकृतीतले पाणी क्षणात खाली येते आणि पाहणाऱ्याला लगेच कळते की, हे धरण नसून परसातला हौद आहे. म्हणून कॅमेरा नेहमीपेक्षा जलद चालवितात. प्रतिकृती सोळापट लहान असेल तर पाणी चौथाई वेळात पडते; तेव्हा कॅमेरा चौपट वेगाने फिरवून मग ते चित्र नेहमीच्या वेगाने दाखविले, म्हणजे पाणी मोठ्या धरणाच्या डौलाने, सावकाश आणि भयंकर कोसळते. थेंबाचा आकार मात्र लहान करता येत नाही. जाणत्या मुलाने अशा दृश्यात थेंबांकडे पाहावे. फार मोठे दिसले, तर चोरी सापडली असे समजावे.

‘प्रभात’ 1953 साली बंद पडली. तिच्याच आवारात 1960 पासून चित्रपटाचे शिक्षण देणारी सरकारी संस्था चालू आहे, आणि तेथे शिकलेली पुष्कळ मंडळी पौडच्या रस्त्याने उलट दिशेने मुळशीकडे येतात. डोंगर, धुके आणि पाणी एकाच चौकटीत मावेल अशा जागा येथे खूप. पहाटेच मोटारी येऊन थांबतात. चकचकीत कागद लावलेले मोठे फलक नटांच्या तोंडावर उजेड पाडण्यासाठी उन्हात धरले जातात. चादरीची जागा या फलकांनी घेतली आहे, धरणाऱ्याचे हात तसेच अवघडतात. शाळेच्या वाटेवरची मुले दप्तरे पाठीला लावून बघत उभी राहतात आणि कोणीतरी ओरडतो, “बाजूला व्हा रे पोरांनो, चौकटीत येताय!”

मुले बाजूला होतात. कॅमेरा पाण्यावरून संथपणे फिरतो. नट तलावाकडे बघून कोणत्या तरी दूरच्या गावाविषयी बोलतो. पाहणाऱ्या मुलांपैकी एकीची आजी बांधावर बसलेली असते. उन्हाळ्यात पाणी उतरले म्हणजे जुन्या वस्तीच्या खुणा वर येतात. त्यांतल्या कोणत्या खुणेपाशी आपले घर होते, हे तिला तिच्या सासूने सांगितलेले असते. ती नातीला जवळ ओढते आणि तळ्याच्या मध्याकडे बोट दाखवून हळू आवाजात काहीतरी सांगू लागते. कॅमेऱ्याचे तोंड त्या वेळी दुसरीकडे असते.